दहा मिनिटांत एसीचा फिल्टर

...नाही, मला एक सांगा, दहा मिनिटं म्हणजे नक्की किती? तुम्हीच सांगा! मी शाळेत भूमिती शिकवतो, पंचवीस वर्षं शिकवतोय, कोन मोजता येतो मला, क्षेत्रफळ काढता येतं, पण हे गाड्यांच्या धंद्यातले लोक 'दहा मिनिटं' म्हणतात ना, ते कुठल्या मापानं म्हणतात हे मला आजतागायत समजलेलं नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "काही नाही हो सर, दहा मिनिटांचं काम!" दहा मिनिटांचं काम! माझा अख्खा रविवार गेला, पाठीत लचक भरली, कोपर सोललं, सासुरवाडीच्या दारात अब्रू गेली... आणि काम काय? तर गाडीच्या एसीचा फिल्टर बदलायचा! वहीएवढी कागदाची जाळी हो! एसीची हवा तिच्यातून गाळून आत येते, बस्स, एवढंच तिचं काम. जुनी काढायची, नवी सारायची. दहा मिनिटांचं काम!

थांबा, मुळापासून सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस एका फिल्टरवरून एवढा का कावलाय.

तर प्रश्न फिल्टरचा नव्हताच. प्रश्न बायकोचा होता. म्हणजे आमचं काही बिनसलंय असं नाही, गैरसमज नको... ती शिंकायची. गाडीत बसली की शिंकायची. घरात नाही, तिच्या ऑफिसात नाही, फक्त माझ्या गाडीत! मी किल्ली फिरवली, एसी लावला, गेटमधून बाहेर पडून पहिलं वळण घेतलं की सुरू. आणि एकदोन नाही, अकरा! मी मोजायचो ना, मास्तरकीची खोड, दुसरं काय. अकरा शिंका, नाक लाल, डोळ्यांना धारा, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं माझ्याकडे अशी बघायची की काय छळतोय हा त्या बाईला!

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "घरात येतात शिंका?" नाही. "कामावर?" नाही. "बसमध्ये?" नाही. "मग येतात कुठे?" ही म्हणाली, "यांच्या गाडीत." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं... चांगला बराच वेळ बघितलं. मग कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "शक्यतो टाळा." काय टाळा? गाडी टाळा की मला टाळा? स्पष्ट बोलायला काय जातं हो या लोकांचं?

आणि तिनं टाळलं की! दर रविवारी ही तिच्या आईकडे जाते. सासूबाई थकल्यात, शहराच्या त्या टोकाला राहतात, गाडीनं चाळीस मिनिटं लागतात. तर ही बसनं जायला लागली. दोन बस बदलून! दारात गाडी उभी, गाडीचा मालक रिकामा, आणि मालकाची बायको बसस्टॉपवर! एक नाही, दोन नाही, चार महिने!

आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की मास्तर, रविवारी झोपायला मिळालं. नाही हो! तुम्हाला खरं सांगतो, त्या चाळीस मिनिटांवर माझा आठवडा चालायचा. घरात आम्ही बोलत नाही असं नाही... 'वीजबिल भरलं का', 'मुलीचा फोन आला होता', 'दूध तापवलंय, झाकण ठेवा'... पण ते काय बोलणं झालं? ती सूचना झाली! घरात बाबा असतात, बाबांचा टीव्ही असतो, आणि टीव्हीचा आवाज तर शेजारच्यांच्याही घरात असतो. गाडीत मात्र ही बोलायची. दोन शिंकांच्या मधे बोलायची! ऑफिसातली ती नवी साहेबीणबाई काय म्हणाली, वहिनीनं आईच्या गोळ्या कशा चुकवल्या, हिला लहानपणी चित्रकला शिकायची होती... लग्नाला चोवीस वर्षं झाली आमच्या, आणि हे चित्रकलेचं मला त्या गाडीत समजलं! आणि आता शेजारची सीट रिकामी. करमत नव्हतं हो मला. माणसानं सरळ सांगावं, करमत नव्हतं.

मग गेलो सर्व्हिस सेंटरला. तिथं एक टायवाला आला. बॉनेट उघडलं नाही, दार उघडलं नाही, गाडीकडे नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाला, "सर, केबिन फिल्टर संपलाय तुमचा." मी म्हटलं, अहो बघितलात कुठे? "किलोमीटरवरून कळतं सर. फिल्टर बदलू, सोबत एसीची आतून सफाई करू, शिवाय जंतुनाशक फवारा, शिवाय सुगंध, शिवाय लेबर..." त्या प्रत्येक 'शिवाय'ला तो हातातल्या त्या स्क्रीनच्या पाटीवर बोट मारायचा आणि आकडा वर चढायचा. शेवटचा आकडा दाखवला... तुम्हाला सांगतो, तेवढ्यात आमच्या घरात दोन पंखे आले असते, तेही बसवून! मी घसा साफ करून विचारलं, किती वेळ लागेल? तर म्हणतो, "काही नाही सर, दहा मिनिटांचं काम!" अरे मग दहा मिनिटांचे एवढे घेतोस, तर तू दिवसभर बसतोस इथे, तुझा तर बंगला असेल समुद्रावर!

तिथनं निघालो तो थेट स्पेअरपार्टच्या दुकानात. दुकानदार पेपर वाचत होता. मान वर नाही केली. "गाडी कुठली? साल?" मी सांगितलं. पेपर तसाच धरून डावा हात मागे नेला, फळीवरनं एक खोका काढला आणि माझ्यासमोर आपटला. बिल केलं... चपलेच्या जोडापेक्षा कमी! मी म्हटलं, बसवून कोण देणार? तेव्हा कुठे मान वर आली. "बसवायचं काय त्यात? कप्पा काढायचा, हे सारायचं. शाळेतलं पोर करेल. दहा मिनिटांचं काम!" आता शाळेतलं पोर करेल म्हटल्यावर शाळेतल्या मास्तरानं काय करावं? गपचूप खोका घेतला.

रात्री व्हिडिओ बघितला. त्यात एक गुटगुटीत तरुण, "नमस्कार मित्रांनो!" म्हणत डॅशबोर्डच्या कप्प्याच्या दोन्ही गालांना असं प्रेमानं दाबतो... कप्पा अलगद त्याच्या मांडीवर. त्यामागचं झाकण काढलं, जुना बाहेर, नवा आत, "धन्यवाद मित्रांनो!" संपलं! पावणेदोन मिनिटं! मी म्हटलं, हा पावणेदोन मिनिटांत करतोय म्हणजे आपल्याला दहा पुरतील.

रविवारी सकाळी ही पर्स खांद्याला लावून निघाली. मी म्हटलं, "आज बसनं जाऊ नकोस. थांब. गाडीनं नेतो, शिंक आली तर नाव बदलीन." ही म्हणाली, "अहो, आईला अकराची गोळी द्यायचीय, वहिनी विसरते. किती वेळ लागेल?" आणि माझ्या तोंडून... माझ्याच तोंडून हो!... गेलं, "काही नाही गं, दहा मिनिटांचं काम!"

आता इथे बाबा येतात. बाबांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझे वडील. वय ब्याऐंशी. अडतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होते. नवी वस्तू उघडायची नाही, झाकून ठेवायची, हे त्यांच्या रक्तात. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून आला त्याच प्लास्टिकमध्ये आहे, आणि ते प्लास्टिक इतकं पिवळं पडलंय की आकडे दिसत नाहीत, आम्ही वरनं मोजत येतो, तिसऱ्या रांगेतलं मधलं, आवाज कमी! फ्रिजच्या दांड्याला प्लास्टिक. त्यांच्या मोबाइलला दुकानातला पहिला कागद, त्याच्यावर अजून 'सिम इथे घाला' असा बाण. मी आयुष्यात सोफ्याचं खरं कापड पाहिलेलं नाही. तर हे बाबा खुर्ची घेऊन खाली आले. गाडीच्या दाराशी बसले. हातात वाटी. म्हणाले, "स्क्रू माझ्याकडे जमा कर. हरवशील."

कप्पा रिकामा केला. काय निघालं विचारू नका! चार वर्षांची प्रदूषणाची प्रमाणपत्रं, सेल नसलेला टॉर्च, एक मोजा... एकच!... आणि हिचे रुमाल. चार रुमाल, धुतलेले, घडी घातलेले, शिंकांसाठी ठेवलेले. चार महिने तसेच पडून होते बिचारे. मी ते खिशात घातले आणि कामाला लागलो.

दाबले कप्प्याचे गाल. काही नाही. जोरात दाबले. काही नाही. त्या व्हिडिओवाल्याची गाडी वेगळी, त्याचे गाल वेगळे! आमच्या गाडीला पाच स्क्रू निघाले, आणि पाचवा कुठे? तर तळाशी, मागे, आतल्या बाजूला! म्हणजे माणसानं पाय सीटच्या डोक्यावर टाकायचे, पाठ सीटवरून खाली सोडायची आणि डोकं जिथं पाय ठेवतात तिथं! एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले सज्ज्यातून वाकले. "काय झालं? सर पडले का?" बाबा खालून म्हणाले, "नाही, फिल्टर बदलतोय." "हां हां! दहा मिनिटांचं काम!" अरे, तू तुझा विमा बघ ना!

तोवर एक तास झाला होता. ही जिन्याच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. समोरून एक बस गेली. काही बोलली नाही, फक्त बसकडे बघितलं. तुम्ही लग्न झालेले असाल तर तुम्हाला कळेल, बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी निघाला हो जुना फिल्टर! काय वर्णन करू! काळा! पानं, काड्या, पिसं, एक अख्खी मेलेली गांधीलमाशी... अर्धी बाग होती त्यात. मी फेकायला निघालो तर बाबा म्हणतात, "फेकतोस काय? झटकला की दोन वर्षं जाईल." आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तो घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर हाणला. एक! दोन! तीन! असा धुरळा उडाला की मला बाबा दिसेनात! आणि त्या धुरळ्यातून जिन्यावरून आवाज आला... आक्छी! मग दुसरी. मग तिसरी. मी मोजतोय... अकरा! मोजून अकरा! मला इतका आनंद झाला, तुम्हाला सांगतो, बायको शिंकतेय आणि मी टाळ्या वाजवतोय! "सापडला! सापडला! हाच तो!" विमावाल्यांनी सज्ज्याचं दार लावून घेतलं.

मग नवा फिल्टर. खोक्यातनं काढला, पिशवीतनं काढला. पांढराशुभ्र! त्यावर एक बाण. आता हा बाण वर करायचा की खाली? मी म्हटलं, हवा वरून खाली येते, बाण खाली. बाबा म्हणाले, "स्टोअरला बाण म्हणजे ही बाजू वर. नेहमी वर." मी म्हटलं, बाबा, ते खोक्यावर असतं, हा हवेचा बाण आहे. "बाण तो बाण!" पंधरा मिनिटं झाली यात. मी शेवटी म्हटलं, भूमिती मी शिकवतो, खाली म्हणजे खाली. परत उलटा झालो, डोकं खाली, पाय वर, आत काळोख, घाम डोळ्यांत. ऑपरेशनमध्ये डॉक्टर मागतात तसा हात मागे केला. "बाबा, फिल्टर!" बाबांनी हातात दिला. चाचपत सारला आत. कर्रर्र कर्रर्र वाजला. मी म्हटलं नवा आहे, वाजणारच. झाकण लावलं, कप्पा लावला, बाहेर आलो तर वाटीत एक स्क्रू. बाबा समाधानानं म्हणाले, "शिल्लक एक." तीन तास दहा मिनिटं! म्हणजे दहा मिनिटं होती हो त्यात, पण कितव्या तासानंतरची ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

वहिनीला फोन करून गोळी द्यायला लावली आणि ही एकदाची गाडीत बसली. शेजारी. बेल्ट लावला. मी एसी लावला. गेट... पहिलं वळण... मी श्वास धरून. काही नाही! दुसरं वळण... काही नाही! हिनं नाकाला हात लावून बघितला. मग सीटला डोकं टेकलं आणि बोलायला लागली. चार महिन्यांचं साठलेलं! साहेबीणबाई, वहिनी, बसमधली ती दर रविवारी भेटणारी नर्स... मी नुसता हं हं करतोय, आणि मनात म्हणतोय, मास्तर, जिंकलास!

फक्त एक झालं. हवा येत नव्हती. एसी घोंघावतोय, आवाज तर असा की विमान उडेल, आणि हवा येते त्या जाळीला हात लावला तर... नुसती फुंकर! तीही आजारी माणसानं घातलेली! बाहेर दुपारचं ऊन रणरणतंय. ही म्हणाली, "अहो, हवा येतेय ना?" मी म्हटलं, "येतेय की. गाळून येतेय. शुद्ध हवा कमीच असते." हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचला कोण जाणे! ती म्हणाली, "काच खाली करू?" मी ओरडलो, "नको! धूळ!" मग तिनं माझ्या खिशातले ते रुमाल घेतले. दोन तिनं घेतले, दोन मला दिले. पुसतोय आणि जातोय, पुसतोय आणि जातोय. सासुरवाडीच्या दारात उतरलो तर वहिनी म्हणाल्या, "काय हो, पोहत आलात?"

मी आत जाऊन पंख्याखाली पडलो. पाचव्या मिनिटाला ही बाहेरून हाक मारते, "अहो, इकडे या." गेलो. हिनं कप्पा उतरवून ठेवलेला! कसा? तर म्हणाली, "हात लावला, पडला. स्क्रू नुसते टेकवलेत तुम्ही." मागचं झाकण काढलेलं आणि हातात फिल्टर. फिल्टर कसा? तर पिशवीत! त्याच्या मूळच्या पिशवीत, नीट घातलेला, तोंडाला रबरबँड!

डोक्यात प्रकाश पडला. बाबा! मी परत उलटा होऊन आत काळोखात धडपडत होतो तोवर बाबांनी... धूळ उडतेय, नवी वस्तू उघडी कशी ठेवायची... परत पिशवीत घालून, रबर लावून, माझ्या हातात दिला. आणि मी तो तसाच आत! धूळ येणार कुठून? हवाच यायची सोय नव्हती!

मला असा संताप आला! मी फोन काढला. म्हटलं, विचारतोच त्यांना, ब्याऐंशी वर्षांत एक वस्तू तरी... आणि ही हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग मोठ्यांदा, मग गाडीच्या दाराला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते बघून मीही सुटलो. रस्त्यात उभे राहून दोघं हसतोय. मग डोळे पुसत तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही." मी म्हटलं, का? "तुमच्या आई गेल्यापासून त्यांना कुणी एक काम तरी सांगितलंय का घरात? आज तीन तास खुर्चीत बसून होते, टीव्ही लावला नाही, पाणी मागितलं नाही. किती खूश होते बघितलं नाहीत तुम्ही? तुमचं डोकं खाली होतं." तिनं पिशवी काढली, फिल्टर आत सारला, बाण खाली... खालीच होता, हे नोंदवून ठेवा!... आणि कप्पा वर बसवला. किती वेळ लागला विचारा. विचारा! मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं!

संध्याकाळी येताना गार वारं, बंद काचा, एक शिंक नाही, आणि चाळीस मिनिटं ही बोलतेय. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आणली, पन्नास मिनिटं केली. तिच्या लक्षात आलं, तरी ती बोलतच राहिली. तुम्हाला सांगतो, त्या पन्नास मिनिटांसाठी मी परत तीन तास उलटा लटकेन!

घरी आलो तर बाबा गेटपाशी उभे. "कशी आली हवा?" ही म्हणाली, "एकदम मस्त, बाबा! तुम्ही होतात म्हणून झालं हो, यांना काय जमतंय!" बाबांची मान अशी ताठ झाली... मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन खाली उतरतो, तर गाडीशी बाबा. इस्त्रीचा शर्ट, केस चोपून बसवलेले, पुढच्या दाराच्या हँडलवर हात. "उघड. मीही येतो. आपल्या हाताखालनं गेलेलं काम आहे, लक्ष ठेवायला नको?" आणि बसले की पुढच्या सीटवर, हवेच्या जाळीसमोर! आता घरातला वडीलधारा माणूस पुढे बसल्यावर सून त्यांना मागे बसा म्हणणार आहे का? मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघून हसली आणि मागचं दार उघडून बसली.

आज सात रविवार झाले. शेजारी बाबा. "ब्रेक मार. हॉर्न दे. हवा दोनवर कर. आता एकवर कर. बघ, कशी येतेय!" मी दोनवर करतो, एकवर करतो. आणि मागे ही... गार वारं लागतं, आठवडाभराची दमलेली असते, पहिल्या वळणाला डोळा लागतो तो थेट आईच्या दारात उघडतो. आरशात मला हिचं फक्त कपाळ दिसतं. शिंक म्हणाल तर एक नाही!

सगळे म्हणतात, सर, स्वस्तात काम झालं तुमचं. झालं ना... झालंच. पण तुम्हाला म्हणून सांगतो, ती शिंकायची ना, तेव्हा शेजारी बसून शिंकायची हो.